घरविक्रीची कागदपत्रे आणि स्थानिक इतिहास : विशेष संदर्भ कंधार

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील कंधार हे मन्याड नदीच्या खोऱ्यातील प्राचीन नगर होय. ‘कंधारपुरवराधीश्वर’ ही बिरुदावली राष्ट्रकूट परंपरेशी निगडित आहे. तिसरा कृष्ण (इ.स. ९३९ ते ९६७) याच्या काळातील शिलालेख, जगत्तुंग सागर हा तलाव आणि महाकाय क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष या नगराच्या वैभवाची साक्ष देतात. पुढे बहमनी व निजामशाही सत्तांनंतर इ.स. १६३१ मध्ये मोगल सरदार नसिरीखान याने येथील भुईकोट किल्ला घेतला. अठराव्या शतकापासून इ.स. १९४८ पर्यंत कंधार आसफजाही राज्यात होते. या नगराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी साहजिकच किल्ला, शिलालेख आणि हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा यांच्याकडे वळते. परंतु किल्ल्याबाहेरच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सामान्य माणसांचा इतिहास कोठे शोधावा? या प्रश्नाचे एक उत्तर घरांच्या खरेदी-विक्रीच्या कागदांत आहे. या साधनाचे स्वरूप, उपयोग व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्याची पार्श्वभूमी :
मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम २१ इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. शहरातील घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे, त्यात सध्या कोण राहते आणि पूर्वी कोण राहत होते, याचे वर्णन दस्तात असावे, असे हे कलम सांगते. म्हणजे पूर्वीच्या रहिवाशाची आठवण ठेवणे हे कायद्यानेच दस्तलेखकावर सोपविलेले काम आहे. हैदराबाद संस्थानात नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था होती. १ एप्रिल १९५१ पासून १९०८ चा नोंदणी अधिनियम या भागास लागू झाला. त्यामुळे कंधारसारख्या गावात एकाच घराच्या कागदांची परंपरा दोन राजवटींत विभागलेली असते.

निजामकालीन दस्ताची ओळख :
संस्थानात इ.स. १८८४ च्या सुमारास फारसीऐवजी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. त्यामुळे मराठी कुटुंबांच्या घरीही खरेदीखत ‘बैनामा’ या नावाने, तर गहाणखत ‘रहननामा’ या नावाने उर्दूत सापडते. खाजगी हिशेब व घरगुती करार मात्र पुष्कळदा मोडी लिपीत असत. चतुःसीमेला उर्दू दस्तात ‘हुदूद अरबा’ म्हणतात. कालगणना फसली सनाची असते. संस्थानातील फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी ‘आजूर’ महिन्याने सुरू होई. म्हणून फसली सनात डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीनंतर ५९१ मिळविले असता इसवी सन येतो. उदाहरणार्थ, १७ सप्टेंबर १९४८ हा हैदराबाद मुक्तीचा दिवस फसली १३५७ च्या शेवटच्या महिन्यात येतो. किंमत हाली शिक्क्याच्या रुपयांत लिहिलेली असते. साधारणतः सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये असा दर होता. हे भान न ठेवता आकड्यांची तुलना केल्यास निष्कर्ष चुकतात.

घराच्या वर्णनातून दिसणारे गाव :
मराठवाड्यातील जुने घर धाब्याचे, म्हणजे पांढऱ्या मातीच्या माळवदाचे असते. त्याचे माप चौरस फुटांत नव्हे, तर खणांत सांगितले जाई. लाकडी खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. दस्तात ढाळज, ओसरी, माजघर, बळद, पेव, आड यांचा उल्लेख असेल, तर त्यावरून कुटुंबाची शेती, धान्यसाठा, पाण्याची सोय आणि प्रतिष्ठा यांचा अंदाज येतो. पेव व बळद असलेले घर बहुधा धान्य राखणाऱ्याचे असते. आडात दोन कुटुंबांचा सामाईक हक्क लिहिला असेल, तर एका वाड्याच्या वाटणीची खूण मिळते.

चतुःसीमेचे मोल याहून मोठे आहे. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी बोळ, पश्चिमेस दर्ग्याची जागा, अशी नोंद एका घराची असली तरी ती चार शेजाऱ्यांची साक्ष असते. एकाच गल्लीतील दहा-पंधरा दस्त कालक्रमाने मांडले, तर कोणत्या जातीची व व्यवसायाची वस्ती कोठे होती, पेठ कोणत्या दिशेने वाढली, कोणते बोळ बुजले, याचा नकाशा तयार होऊ शकतो. नगरपरिषदेची कर आकारणी नोंदवही व नगर भूमापनाची मिळकत पत्रिका यांच्याशी ताडून पाहिल्यास तो अधिक विश्वसनीय होतो.

संक्रमणकाळ :
घरविक्रीच्या कागदांचा सर्वांत नाजूक भाग इ.स. १९४७ ते १९५० या काळाचा आहे. रझाकारांच्या दहशतीने अनेक कुटुंबांनी संस्थानाची हद्द ओलांडली. पोलीस कारवाईनंतर मुस्लिम कुटुंबांवर आपत्ती कोसळली. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे नोंदविले, त्यांत नांदेडचा समावेश होता. या वर्षांतील घाईच्या विक्रीमागे भीती, कर्ज वा स्थलांतर यांपैकी काय होते, हे दस्त सांगत नाही. तेथे मौखिक साक्षीची जोड आवश्यक ठरते. अभ्यासकाने मात्र जुन्या नोंदीतून आजच्या कुटुंबांत नवा वाद उभा राहणार नाही, ही दक्षता घेतली पाहिजे. प्रकाशनात व्यक्तींची नावे गाळून गल्ली व कालखंड देणे हा सुज्ञ मार्ग होय.

साधनाच्या मर्यादा :
मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी दस्तातील किंमत कमी दाखविली जाते. ‘मुदतखरेदी’ वरकरणी विक्री असली तरी व्यवहारात ते पुष्कळदा सावकारी गहाण असते. स्त्रियांचा उल्लेख वारस वा संमती देणारी म्हणून येतो. घर राबते ठेवणारी म्हणून तो येत नाही. भाडेकरू आणि गावकुसाबाहेरची घरे यांचे कागद अत्यल्प असतात. म्हणजे हे साधन ज्यांच्याकडे मालकी होती त्यांचा इतिहास सांगते. मालकीवाचून राहिलेल्यांसाठी अन्य साधने शोधावी लागतात. याशिवाय खिदमतमाश इनामाच्या, म्हणजे देवस्थान वा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनीवरील घरांचे व्यवहार पाहताना मूळ सनद तपासणे आवश्यक असते. तेथे विक्रीचा दस्त असणे आणि मालकी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

समारोप :
आज वारसदार पुणे, नांदेड वा लातूर येथे स्थायिक होतात आणि कंधारसारख्या गावातील माळवदाची घरे विक्रीस निघतात. खरेदीदारास जागा हवी असते. घर पाडले जाते, सागवानी खांब व नक्षीदार दरवाजे विकले जातात. उर्दू न वाचता येणारे वारस जुने बैनामे निरुपयोगी समजून रद्दीत देतात. घराबरोबर त्याची साक्षही नाहीशी होते. नोंदणी कार्यालयातील पुस्तक क्र. १ व त्याची सूची शुल्क भरून कोणासही पाहता येते, अशी तरतूद कलम ५७ मध्ये आहे. परंतु निजामकालीन खाजगी प्रतींना असे संरक्षण नाही. म्हणून महाविद्यालयातील इतिहास, मराठी, उर्दू व भूगोल विभागांनी एकत्र येऊन घर विकले जाण्यापूर्वीच त्याचा आराखडा, छायाचित्रे व कागदांच्या प्रती जतन कराव्यात. मूळ कागद मालकाकडेच राहावेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यासाठी एक गल्ली हे पुरेसे क्षेत्र आहे. किल्ल्याचे दगड अजून काही काळ टिकतील. बैनाम्याच्या कागदाला मात्र तेवढा अवधी उरलेला नाही.