देवनागरीचे यांत्रिक व संगणकीय मुद्रण

देवनागरी लिपीतील मजकूर खिळे, टंकलेखन यंत्र, ओळओतणी यंत्र आणि संगणक यांच्या साहाय्याने जुळविण्याच्या व छापण्याच्या पद्धतींना एकत्रितपणे देवनागरीचे यांत्रिक व संगणकीय मुद्रण असे म्हणता येईल. यातील बहुतेक यंत्रे रोमन लिपी समोर ठेवून तयार झाली. त्यामुळे यंत्राने लिपीशी जुळवून घ्यावे की लिपीने यंत्राशी, हा प्रश्न मराठी मुद्रणात दीर्घकाळ चर्चेत राहिला. त्याचे बऱ्याच अंशी समाधान करणारे तंत्रज्ञान विसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे येथे विकसित झाले.

मूळ अडचण

रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द तयार होतो. देवनागरीत स्वरचिन्हे व्यंजनाच्या वर, खाली, आधी किंवा नंतर येतात. मराठीतील ३४ व्यंजनांची प्रत्येकी बारा रूपांची बाराखडी धरली, तरी ४०८ आकृती होतात, जोडाक्षरे निराळीच. 'किल्ला' हा शब्द पाहिल्यास उच्चारात 'क' आधी आणि 'इ' नंतर आहे; लेखनात मात्र वेलांटी 'क'च्या आधी येते. 'ल्ला'मध्ये पहिला 'ल' अर्धा होतो. मराठीला आणखी एक भेद सांभाळावा लागतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद दाखविण्यासाठी 'र'ची दोन निराळी अर्धरूपे यंत्रात असणे आवश्यक ठरते.

खिळ्यांची जुळणी

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले व पुढे खिळ्यांच्या छपाईकडेही ते वळले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले. अक्षरांचे भाग पाडून ते जुळविण्याची पद्धत वापरल्याने खिळ्यांची संख्या कमी झाली. तरीही जुळाऱ्याला कित्येक शे खण लक्षात ठेवावे लागत. छपाईनंतर प्रत्येक खिळा पुन्हा त्याच्या खणात टाकण्याचे कामही हातानेच होई.

खिळे पाडण्याचे काम वेगाने व्हावे यासाठी मुंबईत जन्मलेले संशोधक शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी सुटे खिळे ओतणारे यंत्र तयार केले. ते 'भिसोटाइप' या नावाने ओळखले गेले. या कामासाठी भिसे इंग्लंडला व नंतर अमेरिकेला गेले. दादाभाई नौरोजी व सर रतन टाटा यांचे साहाय्य त्यांना लाभले. अमेरिकेत त्यांना 'भारतीय एडिसन' म्हणत.

ओळओतणी व टंकलेखन यंत्रे

ओटमार मर्गेन्थालर यांचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात वापरात आले. त्यात कळ दाबली की अक्षराचा साचा खाली येतो, ओळ पूर्ण झाली की साच्यांवर वितळलेला धातू ओतला जातो आणि अखंड ओळ तयार होते. त्याच्या कळफलकावर नव्वद कळा होत्या. देवनागरी त्यात बसविण्यासाठी १९३०च्या दशकात हरी गोविंद गोविल यांनी अक्षरांची रूपे मर्यादित केली.

टंकलेखन यंत्रात जागा आणखी कमी होती. त्यामुळे अनेक व्यंजनांचे केवळ अर्धे रूप कळेवर ठेवून पुढे काना मारून अक्षर पूर्ण करण्याची युक्ती योजण्यात आली. मात्रा व उकार यांच्या कळा कागद पुढे न सरकता उमटत. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. मेणकागदावर टंकलेखन करून चक्रमुद्रण यंत्रावर प्रती काढण्याची पद्धत शाळा व कार्यालयांत रूढ झाली.

लिपी बदलण्याचे प्रयत्न

यंत्राची मर्यादा लक्षात घेऊन लिपीच सुधारावी, असा विचार पुढे आला. वि. दा. सावरकर यांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत 'इ, ई, उ, ऊ, ए, ऐ' यांऐवजी 'अि, अी, अु, अू, अे, अै' अशी अ-ची बाराखडी सुचविली. काका कालेलकर हेही लिपिसुधारणेचे पुरस्कर्ते होते. १९५३ मध्ये लखनौ येथील परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लिहिण्याचा निर्णय झाला. परंतु वाचकांच्या सवयीस तो न रुचल्याने पुढे मागे घेण्यात आला. हे बदल टिकले असते, तर नव्या पिढीला जुनी पुस्तके वाचण्यासाठी दुसरे वळण शिकावे लागले असते.

संगणक व पुणे

संगणकामुळे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिपींसाठी सुरू झालेले काम १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, 'जिस्ट' या नावाने पुढे वाढले. जिस्ट कार्ड संगणकात बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींतही देवनागरी मजकूर टंकता येई.

यामागील तत्त्व असे, की संगणकाने अक्षराची आकृती न साठवता वर्ण साठवावेत. 'किल्ला' हा शब्द क, वेलांटी, ल, पाय मोडल्याचे चिन्ह, ल आणि काना अशा सहा संकेतांत, उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो. वेलांटी आधी दाखविणे व 'ल' अर्धा करणे ही कामे दाखविण्याच्या वेळी आज्ञावली करते. 'लोणावळा' याच पद्धतीने सात संकेतांत मावतो. हे संकेत 'इस्की' या नावाने १९९१ मध्ये भारतीय मानक ठरले. सोबतचा इनस्क्रिप्ट कळफलकही वर्णक्रमावर आधारलेला असून स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेली आहे.

परिणाम

या मानकांचा स्वीकार होण्यास वेळ लागला. दरम्यान अनेक फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले. असा मजकूर छापील कागदावर उत्तम दिसे. मात्र तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन चिन्हे दिसत आणि त्यात शब्द शोधता येत नसे. त्या काळात जुळविलेली पुस्तके व कागदपत्रे आज वापरण्यासाठी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागतात. युनिकोडमध्ये 'दर्या' व 'दऱ्या' यांचे संकेत भिन्न असल्याने शोध घेतानाही त्यांतील भेद राखला जातो. ज्या वेलांटीला यंत्रासाठी जागा सोडण्यास सांगण्यात आले होते, ती आज आपल्या मूळ जागीच उमटते.