वाकलेल्या पाठीचे माप

कर्जत सोडून गाडी बोरघाट चढू लागली की पळसदरी आणि जांबरुंगनंतर ठाकुरवाडी येते. रेल्वेच्या पाटीवर ती एकच असली, तरी कर्जत-खालापूर तालुक्यांत या नावाच्या वाड्या पुष्कळ आहेत. डोंगरउतारावर ठाकर समाजाची वस्ती झाली की ती ठाकुरवाडी. आषाढात अशा वाडीखालच्या खाचरात भाताची आवणी चालू असली की लांबून माणसे दिसतच नाहीत. दिसतात ती पावसासाठी पाठीवर घेतलेली, पालथ्या होड्यांसारखी इरली, चिखलातून एकेक पाऊल मागे सरकणारी. कामाच्या पोशाखाचा इतिहास कारखान्याच्या भोंग्यापासून सुरू करण्याची पद्धत आहे. मला ती चुकीची वाटते. संरक्षक साधन चांगले की वाईट, हे ते कशाचे केले आहे आणि त्यावर कोणता शिक्का आहे यावरून ठरत नाही. काम करताना शरीर कसे असते, हे त्या साधनाला ठाऊक आहे का, यावरून ते ठरते. या कसोटीवर इरले आजच्या कित्येक प्रमाणित साधनांच्या पुढे आहे.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबईच्या डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड इंग्रजीत ‘डंगरी’ झाले आणि जगभरच्या खलाशांच्या व कामगारांच्या अंगावर गेले. १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पाणी न झिरपणारे कापड केले. १८७३ मध्ये अमेरिकेत जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना कामाच्या विजारीच्या खिशांना तांब्याच्या रिबिटी ठोकण्याचे पेटंट मिळाले. १९१९ मध्ये एडवर्ड बुलार्डने वाफवलेल्या कॅनव्हासचे कडक शिरस्त्राण खाणकामगारांसाठी बाजारात आणले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमाने ठिणग्या आणि कण उडतात तिथे डोळ्यांच्या संरक्षणाची जबाबदारी मालकावर टाकली. पण त्या कायद्याच्या मूळ व्याख्येतला कारखाना म्हणजे यंत्रशक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगारांची जागा होती. खाचरात वाकलेली बाई त्या व्याख्येत कधीच बसली नाही.

म्हणून इरले नीट पाहू. बांबूच्या कांबट्यांच्या दोन जाळ्या विणतात आणि त्यांच्यामध्ये पळसाची किंवा सागाची पाने दाबून बसवतात. वरच्या पानाने खालच्याचा जोड झाकायचा, म्हणजे पाणी कौलांवरून उतरावे तसे टोकाकडे निथळते. आकार डोक्यावर खोलगट आणि पाठीवर पसरट. पुढची बाजू सताड उघडी. ती उघडी बाजू हीच यातली खरी हुशारी. रोपे लावणारा माणूस कमरेत जवळजवळ काटकोनात वाकलेला असतो. पाऊस त्याच्या छातीवर पडत नाही, मानेवर, पाठीवर आणि कमरेवर पडतो. छत्री एक हात अडवते, आणि आवणीला दोन्ही हात लागतात: एकात रोपांची मूठ, दुसऱ्याने रोप खोवायचे. रेनकोट शिवला जातो तो उभ्या माणसाच्या मापाने. वाकले की तो मागून वर सरकतो, मानेपाशी फट पडते आणि पाणी आत उतरते. वर घाम आतल्या आत कोंडतो तो वेगळाच. इरल्याची जाळी पाठीला चिकटत नाही. मधल्या पोकळीतून वारा खेळतो आणि अंग कोरडे राहते. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे दिवसभर कोरडी राहिलेली पाठ ही फार मोठी गोष्ट आहे. डोक्यावर मोळी घेण्याआधी बाई चिंधीची चुंबळ वळते, त्यातही हेच ज्ञान आहे. मोळीचा भार टाळूच्या एका बिंदूवर न येता गोल पसरतो, आणि चुंबळ ज्या डोक्यावर बसायची त्याच डोक्याच्या मापाची होते.

यावर कोणी म्हणेल, हे गरिबीचे उदात्तीकरण आहे. पैसे असते तर कोणी पाने पाठीवर बांधली असती का? आक्षेपात तथ्य आहे, आणि ते पायांपाशी सर्वांत जास्त आहे. या परंपरेने डोके आणि पाठ राखली, पाय मात्र उघडे सोडले. याच रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, तेव्हा त्यांच्यासमोर येणाऱ्यांत शेतात आणि रानात राबणारेही होते. उघडा पाय हा नाइलाजच आहे. पण त्यावर गमबूट द्या म्हणून भागत नाही. खाचरातला चिखल गमबूट ओढून धरतो आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते. आक्षेप इरल्याला खोटे ठरवत नाही. इरल्यामागे जितका विचार आहे, तितका पायांसाठी कोणीच केला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप असा की प्लॅस्टिकने हा प्रश्न निकालात काढला आहे. पण नेमके काय बदलले ते पाहावे. अनेक ठिकाणी पाने गेली आणि त्यांच्या जागी निळा-काळा कागद आला. खाली कांबट्यांचा सांगाडा तोच राहिला. हलका, स्वस्त माल लोकांनी लगेच घेतला आणि आकार मात्र सोडला नाही. नव्याला विरोध करणारे असे वागत नाहीत. अर्थात प्रत्येक कामाला इरले चालणार नाही. घाटात पावसाळ्यात दरडींवर नजर ठेवणाऱ्या रेल्वेच्या माणसाला ते घातकच ठरेल, कारण त्याला दोन्ही बाजूंचे दिसले पाहिजे आणि तो स्वतः गाडीच्या चालकाला लांबून दिसला पाहिजे. त्याच्या अंगावर चमकत्या पट्ट्यांचे जाकीटच हवे. बोरघाटातला हा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात पंचवीस बोगदे खोदून बांधला गेला, तेव्हा सुरुंग उडवणाऱ्या हजारो मजुरांच्या अंगावर असले जाकीट नव्हते.

तिसरे म्हणणे मला सर्वांत जास्त खटकते: साधने असतात, मजूरच निष्काळजी, ते वापरत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. कीटकनाशक हाताळणाऱ्यांना संरक्षक कपडे असावेत, हा नियम १९७१ पासून कागदावर होता. पण विदर्भाच्या उकाड्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर भरलेला पंप घेऊन हवाबंद पोशाखात कोण किती वेळ उभा राहील? कामाला सोयीचे असेल तर अवजड इरले माणूस दिवसभर वागवतो. त्यालाच निष्काळजी ठरवण्याआधी पोशाख बनवणाऱ्याने एकदा तो घालून त्या कपाशीत काम करून पाहावे.

असे करून पाहायला जागाही आहे: कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-३’ आणि ‘कर्जत-७’ ही वाणे तिथलीच. वाण किती दिवसांत तयार होते आणि हेक्टरी किती उतरते, याची मोजमापे तिथे काटेकोरपणे होतात. तेच वाण लावणाऱ्या बाईच्या पाठीचे, मानेचे आणि पावलाचे मापही तिथेच घेतले जावे. कांबट्या विणणारे हात अजून वाड्यांतून आहेत. येत्या उन्हाळ्यात, पावसाळ्याची तयारी सुरू होण्याआधी, त्यांना केंद्रात बोलावून तज्ज्ञांच्या शेजारी बसवावे.