दोष झाकणाचा नव्हे, पाण्याचा

‘रेडिएटर ठीक, होजपाइप ठीक, तरी कूलंट कमी होतं. मेकॅनिक म्हणतो, कोअर प्लग गळतोय. हा प्लग असतो कशाला?’ असं एका वाचकांनी विचारलं आहे.

उत्तर फाउंड्रीत आहे. इंजिनाचा ब्लॉक वाळूच्या साच्यात ओततात. सिलिंडरभोवती पाणी खेळायला पोकळी हवी, म्हणून त्याच आकाराचा वाळूचा गाभा साच्यात टेकू देऊन ठेवतात. धातू थंड झाला की वाळू फोडून काढायची. टेकूंच्या जागी उरलेली गोल भोकं बंद करणारी पत्र्याची वाटी म्हणजे कोअर प्लग.

पूर्वी तिथे आट्यांचं बूच असे. १९०० च्या दशकात अमेरिकेत वेल्श बंधूंच्या मोटारीची चाचणी चालू असताना रेल्वे क्रॉसिंगवर असं एक बूच निखळलं आणि त्यांच्यातल्या एकाने भोकात चक्क अर्ध्या डॉलरचं नाणं ठोकून बसवलं, असं सांगतात. त्यातून आलेला वेल्श प्लग किती सुरेख! फुगीर चकतीच्या मध्यावर हातोडा बसला की ती चपटी होते, घेर किंचित वाढतो आणि कड भोकात घट्ट रुतते.

पाणी गोठलं तर इंजिन वाचवायला हे प्लग असतात, हा समज मात्र सोडून द्यावा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. कधी प्लग बाहेर फेकला जातो, पण ब्लॉकही तडकू शकतो.

आपल्याकडे खरा शत्रू गंज. कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत राहिलं की पातळ पोलादी पत्रा आतून खाल्ला जातो, टाचणीएवढं छिद्र पडतं आणि ब्लॉकवर सुकलेला ओघळ दिसतो. गळती थांबवणारी बाजारातली औषधं घरी पोहोचण्यापुरती ठीक. ती रेडिएटरच्या बारीक नळ्याही तुंबवू शकतात आणि गंज तर चालूच राहतो.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. कूलंट काढून प्लगच्या एका कडेवर पंच ठोकला की तो भोकातच फिरून आडवा होतो. मग पक्कडीने ओढायचा. भोक पॉलिश पेपरने स्वच्छ करून, सीलंटचा पातळ हात देऊन, मापाचा सॉकेट टेकवून नवा प्लग सरळ ठोकायचा. तिरका बसला तर पुन्हा गळणार. पितळी प्लग मिळाला तर उत्तम, तो गंजत नाही.

एक प्लग गेला म्हणजे बाकीचेही तितकीच वर्षं त्याच पाण्यात आहेत. हात पोहोचतो तेवढे सगळे बदलून घ्या आणि कूलंट मुदतीत बदला.