गोठवलेली मालमत्ता, निसटलेला प्रतिवादी

मोठ्या बँक घोटाळ्याच्या दिवाणी दाव्यात गैरव्यवहार शाबीत करणे हे निम्मेच काम असते. निकाल लागेपर्यंत वसुलीजोगे काही शिल्लक राहील याची तजवीज करणे त्याहून अवघड. लंडनच्या कमर्शियल कोर्टात चाललेली बीटीए बँकेची लढाई याचा ठळक दाखला आहे.

कझाकस्तान सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये ही बँक ताब्यात घेतली आणि तिचे अध्यक्ष मुख्तार अब्ल्याझोव लंडनला गेले. परदेशातल्या कागदी कंपन्यांना कर्जे देऊन त्यांनी तो पैसा स्वतःकडेच वळवला, असा बँकेचा आरोप होता. माजी ऊर्जामंत्री अब्ल्याझोव हे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांचे विरोधक. हा सारा राजकीय सूड आहे, असे त्यांचे म्हणणे. तेही सरसकट झटकून टाकण्याजोगे नव्हते : पुढे फ्रान्समध्ये अटक झाल्यावर त्यांना रशियाच्या स्वाधीन करण्याचा फ्रेंच सरकारचा आदेश तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१६ मध्ये याच राजकीय कारणावरून रद्द केला.

बँकेचे मुख्य हत्यार होते मालमत्ता गोठवणारा आदेश. इंग्लंडमध्ये १९७५ च्या मारेवा खटल्यापासून तो रुळला. प्रतिवादीला कुणकुण लागण्याआधी न्यायाधीश तो एकतर्फी देऊ शकतात. मात्र त्याने वादीला त्या मालमत्तेवर कसलाच बोजा किंवा अग्रहक्क मिळत नाही. आदेश बांधतो तो माणसाला : जगभरातली मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर जाहीर करा आणि तिची विल्हेवाट लावू नका.

ऑगस्ट २००९ मध्ये अब्ल्याझोव यांच्यावर असा आदेश निघाला. पुढे त्यांच्या मालमत्तेवर रिसिव्हरही नेमले गेले. उत्तर लंडनमधल्या बिशप्स ॲव्हेन्यू या श्रीमंत रस्त्यावरचे ‘कार्लटन हाउस’ नेमके कोणाचे, यावर उलटतपासणी झाली. त्या घराची मालकी आपली नाही, असे ते सांगत राहिले; न्यायमूर्ती टीअर यांनी ते खोटे ठरवले. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना २२ महिन्यांची कैद सुनावण्यात आली, पण तोवर ते निसटले होते. ते हजर न झाल्याने त्यांची कैफियत रद्द झाली आणि अब्जावधी डॉलरचे निकाल बँकेच्या बाजूने लागले. जुलै २०१३ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये त्यांना अटक झाली. डिसेंबर २०१६ मध्ये सुटका झाल्यावर ते तिथेच राहिले.

दरम्यान कायद्याची बारीक कलमे तासून निघत होती. अब्ल्याझोव यांनी कर्जाचे करार करून तो पैसा वकिलांच्या फीसाठी आणि इतर देण्यांसाठी परस्पर वळवला होता. उसना पैसा ही ‘मालमत्ता’ कशी, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा खालच्या दोन्ही न्यायालयांना पटला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो फेटाळला : स्वतःच्या असल्यासारखी वापरता येणारी प्रत्येक गोष्ट मालमत्तेत धरावी, असे आदेशाच्या मजकुरातच लिहिलेले होते. याहून मोलाचा निकाल २०१८ चा. मालमत्ता दडवायला मदत केल्याचा आरोप असलेल्या त्यांच्या जावयावर बँकेने कटाबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावला होता. जावई स्वित्झर्लंडमध्ये राहत असला तरी कट इंग्लंडमध्ये शिजल्याचा आरोप आहे, म्हणून हा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो, असे न्यायालयाने ठरवले. त्यामुळे प्रतिवादी पळाला, तरी त्याला हात देणाऱ्यांकडे भरपाई मागण्याची वाट वादीला मोकळी झाली.