बेटांवरच्या कोळ्यांचे वर्ष: नारळी पौर्णिमा ते आगोट

कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे सण पंचांगातल्या तिथींना येतात, पण त्यांचे महत्त्व ठरते ते मासेमारीच्या हंगामावरून. होड्या कधी लोटायच्या, केव्हा घरी परतायचे आणि कधी किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, याच्या खुणा म्हणजे हे सण. मुंबईची मूळ सात बेटे भराव घालून जोडली गेली, तरी वरळी, माहीम, कुलाबा येथील कोळीवाडे टिकून आहेत. मढ, गोराई, मनोरी, बंदरातील घारापुरी आणि अलिबागजवळ थळसमोरचे खांदेरी ही बेटेही याच दर्यावर्दी जीवनाचा भाग आहेत.

कोळ्यांना तिथी पाळावी लागते ती केवळ देवधर्मासाठी नव्हे. त्यांचे डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून उभे करतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, पाण्याला ओढ असते आणि जाळ्यात मासळी भरते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ओढ कमी होऊन काम मंदावते. चंद्राच्या कला हे त्यांचे कामाचे वेळापत्रकच आहे.

वर्षाची सुरुवात श्रावणातील नारळी पौर्णिमेपासून धरता येते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या माशांचा तो विणीचा काळ असतो. पाऊस ओसरू लागला, की या दिवशी होड्यांना रंग देऊन, पताका लावून त्यांची पूजा होते. सोनेरी कागदाने मढवलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर नेऊन दर्याला अर्पण करतात. वर्षभर धन्यांना सुखरूप घरी आण, असे मागणे बायका मागतात. घरोघरी नारळीभात आणि ओल्या नारळाच्या करंज्या होतात.

आता या परंपरेला सरकारी तारखांची जोड मिळाली आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. कायद्याने १ ऑगस्टला समुद्र खुला होतो, पौर्णिमा मात्र दरवर्षी सरकते. २०२० मध्ये ती ३ ऑगस्टला होती, तर २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे थेट ३० ऑगस्टला आली. अशा वर्षी तिथीपर्यंत थांबायचे की तारखेला निघायचे, हा प्रश्न कोळीवाड्यापुढे उभा राहतो.

भाद्रपदात गणपतीसाठी समुद्रावर गेलेले लोक घरी येतात. अनेक कोळी-आगरी घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. त्यात मासळी आणि चिंबोऱ्याही येतात, कारण माहेरवाशिणीला घरात जे उत्तम रांधले जाते तेच वाढायचे. मुंबईतील लालबागचा राजाही कोळ्यांच्या नवसातून उभा राहिला. बाजारासाठी कायमची जागा मिळावी म्हणून कोळी आणि इतर व्यापाऱ्यांनी केलेला नवस फळाला आल्यावर १९३४ मध्ये तेथे गणपती बसला.

कोळी समाजात ख्रिस्ती कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत, विशेषतः गोराई, मनोरी आणि उत्तनच्या पट्ट्यात. वांद्र्याच्या माउंट मेरीला कोळी मोत माउली म्हणतात. तिची मूर्ती समुद्रात कोळ्यांना सापडली, अशी कथा आहे. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर भरणाऱ्या तिच्या जत्रेला हिंदू कोळीही नवस फेडायला जातात.

माघात महाशिवरात्रीला घारापुरीच्या लेण्यांत दर्शनासाठी गर्दी होते. त्यानंतर फाल्गुनात येतो शिमगा, म्हणजे कोळ्यांचा सर्वांत मोठा जल्लोष. या दिवसांत होड्या बंदरात परततात, त्यांवर बावटे चढतात, आणि रात्रभर गाणी-नाच चालतात. वरळी कोळीवाड्यात स्त्रिया रंगवलेली मडकी डोक्यावर घेऊन मिरवणुकीने होळीकडे येतात. त्याच सुमारास वरंध, महाड, पोलादपूरकडच्या डोंगरी गावांत ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरत असते. डोंगरातल्या शिमग्यात देव घरी येतो, तर किनाऱ्यावर दर्यावर गेलेला माणूस घरी येतो.

चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या एकवीरेची पालखी निघते. मुंबई, ठाणे, रायगड आणि पालघरचे कोळी-आगरी या कुलदेवतेला येतात. कोळ्यांचे आणखी एक श्रद्धास्थान समुद्रात आहे: खांदेरी बेटावर वेताळाचे ठाणे आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी येथे किल्ला बांधायला घेतला. पण कोळ्यांच्या लेखी हे बेट मुख्यतः वेताळाचे, समुद्रावर राखण करणाऱ्या देवाचे.

वैशाख-ज्येष्ठात आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ येते. लग्ने उरकली जातात, बोंबील आणि जवळा उन्हात वाळवून साठवले जातात. हीच सुकी मासळी बाजारांतून घाटपायथ्याच्या गावांपर्यंत पोचते. पावसाळ्यात वाटा बंद पडल्या, ताजी मासळी मिळेनाशी झाली, की वरंधसारख्या गावातही भाकरीसोबत याच सुक्या मासळीचे कालवण असते. जून लागताच होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि जाळी दुरुस्तीला काढतात.

भराव, प्रदूषण आणि घटती मासळी यांमुळे अनेक कोळीवाड्यांत होड्या कमी होत आहेत. मिरवणुका अजून मोठ्या निघतात. पण मासेमारी संपली तर या सणांना केवळ कार्यक्रमाचे रूप उरेल. म्हणून कोळी संस्कृती जपायची असेल, तर सणांच्या आधी किनारा, बंदर आणि मासळी सुकवण्याच्या जागा राखाव्या लागतील.