जसें पाणी, तसा डांस

बारामतीचें नांव निघालें कीं जुन्या पिढीला मोरोपंतांची आर्या आठवते आणि नव्या पिढीला ऊस व साखर आठवते. या दोन आठवणींच्या मधून एक कालवा वाहतो. तो नीरेचा डावा कालवा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास त्याचें काम हातीं घेण्यांत आलें, १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटलें, आणि बारामती व इंदापूर या तालुक्यांतील कोरड्या माळाचें रूप पालटलें. बाजरी-ज्वारीच्या रानांत ऊस उभा राहिला आणि गांवोगांवीं पैसा खेळूं लागला. पाण्याबरोबर तेथील डांसांचें राज्यहि बदललें. त्या फेरफाराची नोंद मात्र कोणत्याहि सातबाऱ्यावर झाली नाहीं.

सारे डांस सारखेच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. डांसांच्या शेंकडों जाति आहेत, आणि अंडीं कोणत्या पाण्यांत घालावीं याविषयीं प्रत्येक जातीची आवड ठरलेली आहे. एकीला स्वच्छ व संथ पाणी लागतें, दुसरीला गटाराचें कुजकें पाणी चालतें, तिसरीला माणसाच्या घरांतील भांड्याचेंच पाणी हवें असतें. जमिनीचा उपयोग बदलला कीं पाण्याची जागा, खोली व स्वच्छता बदलते. आणि पाणी बदललें कीं तेथें नांदणारी जात बदलते. जातीप्रमाणें रोगहि निराळा. एवढें सूत्र ध्यानांत धरलें, म्हणजे या दोन तालुक्यांचा सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास निराळ्या डोळ्यांनीं वाचतां येतो.

कालव्यापूर्वी हा मुलूख अवर्षणाचा. पाऊस वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास, आणि तोहि बेभरंवशाचा. कऱ्हा वर्षांतील बहुतेक दिवस कोरडी असे. डांसाला जागा म्हणजे नदीच्या पात्रांतील डबकीं आणि विहिरी. कालवा आल्यावर ही जागा कोसच्या कोस लांबली. कालव्याच्या कांठांतून पाणी झिरपलें, भरावासाठीं माती काढलेल्या खड्ड्यांत तें सांचलें, चाऱ्यांच्या तोंडाशीं तें थबकलें. उसाला पाणी वाजवीपेक्षां अधिक दिल्यानें जमिनीखालची पातळी वर आली आणि रानें पाणथळ व खारवट झालीं. डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवरील आपला निबंध १९१० सालीं प्रसिद्ध केला, तो याच दुखण्याविषयीं होता. अशा झिरपलेल्या स्वच्छ पाण्यांत अनॉफेलिस क्युलिसिफेसीज ही जात वाढते. भारताच्या ग्रामीण भागांत हिवताप पसरविण्यांत तिचाच वांटा मोठा आहे. ही जात दिवसां गोठ्यांत बसते आणि बहुधा गुरांना चावते. तथापि गोठ्याशेजारीं माणूस निजलेला असला, म्हणजे त्यालाहि ती सोडीत नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं याच कालव्यावर विश्वेश्वरय्या यांनीं गटवार पाणीवांटपाची पद्धत सुचविली. ऊस ठराविक गटांतच घ्यावा, त्या गटांतहि फेरपालट करावी, आणि थोडक्या रानांत मुरणारें पाणी अनेक गांवांना पोंचवावें, असा तिचा हेतु होता. पाण्याची शिस्त ही जमिनीची दवा. तीच डांसावरहि चालते. उष्ण दिवसांत अंड्यापासून डांस होण्यास आठदहा दिवस पुरतात. तेवढ्यांत डबकें आटलें, तर अळी जागच्या जागीं मरते.

१९८० सालीं भीमेवरील उजनीचें धरण पुरें झालें आणि इंदापूर तालुक्याच्या कडेनें मोठा जलाशय पसरला. मधल्या खोल व लाटांच्या पाण्यांत डांस वाढत नाहीं. पण उन्हाळ्यांत पाणी मागें हटतें, पळसदेवाचें बुडालेलें देऊळ उघडें पडतें, आणि कांठच्या चिखलांत गुरांच्या खुरांएवढालीं डबकीं मागें राहतात. तेथेंच जलपर्णीहि पसरते. ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेची. फुलाच्या शोभेसाठीं ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्यें आणली गेली. शहरांचें सांडपाणी हें तिचें खत. ती लाट मोडते, अळ्या खाणाऱ्या माशांची वाट अडविते आणि अळ्यांना आडोसा देते. एक परका जीव दुसऱ्या उपद्रवाला घर कसें बांधून देतो, त्याचें हें उदाहरण होय.

१९५३ सालीं हिवताप-नियंत्रणाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. पुढें रोगानें पुन्हां उचल खाल्ली, तरी आज पुणे जिल्ह्यांत त्याचा पूर्वीचा जोर उरलेला नाहीं. मात्र जमीन स्वस्थ बसलेली नाहीं. बारामतीच्या भोंवतीं औद्योगिक वसाहत आली, विद्यालयें आलीं, मळ्यांच्या जागीं सिमेंटचीं घरें आलीं. कालव्याचें पाणी नळांत, नळाचें टाकींत आणि टाकींतलें पिंपांत आलें. जेथें नळ रोज येत नाहीं, तेथें पिंपें वाढतात. असें पाणी एडीस इजिप्ताय या जातीला मानवतें. अंगावर पांढरे पट्टे असलेला हा काळा डांस दिवसां चावतो आणि डेंगी, चिकुनगुन्या व झिका हे रोग पसरवितो. तो मूळचा आफ्रिकेचा. त्याचे पूर्वज जंगलांत झाडांच्या ढोलींतील पाण्यांत वाढत. जहाजांवरील पाण्याच्या पिंपांतून तो जगभर गेला. रांजण, पिंप, फुटका डबा आणि टाकाऊ टायर या त्याला नव्या ढोलीच वाटल्या. २००६ सालीं चिकुनगुन्यानें महाराष्ट्र हैराण केला. जुलै २०२१ मध्यें राज्यांतील पहिला झिकाचा रुग्ण आढळला, तो मुंबईस नव्हे, तर बारामतीच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यांतील बेलसर गांवीं. शहरांतील मानलेला डांस खेड्यांत किती खोल शिरला आहे, हें त्यावरून कळून यावें.

परके डांस आपल्याकडेच येतात असें मात्र नाहीं. विहिरींत व टाक्यांत वाढणारा अनॉफेलिस स्टीफेन्साय हा आपल्याच बाजूचा. मुंबईच्या हिवतापाचा चौकशी-अहवाल बेंटले यांनीं १९११ च्या सुमारास लिहिला, तेव्हांच त्याचा गुन्हा उघडकीस आला होता. हाच डांस २०१२ सालीं आफ्रिकेंतील जिबूती येथें आणि २०१६ सालीं इथिओपियांत आढळला. आफ्रिकेंत हिवताप हा मुख्यतः खेड्यांचा रोग समजला जाई. आतां तेथील शहरांनाहि धास्ती पडली आहे. त्याला तेथें कोणीहि नेलें असो, तो टिकला याचें कारण वाढत्या शहरांतील उघड्या टाक्या त्याची वाट पाहत होत्या. परका जीव व्यापाराच्या वाटेनें येतो, पण बस्तान बसवितो तें आपण बदललेल्या जमिनीवर.

उपायांतहि हाच विवेक हवा. अळ्या खाणारे गप्पी व गंबुसिया मासे हे स्वतःच परदेशचे; गंबुसिया भारतांत १९२८ च्या सुमारास आला. बंद हौदांत व पडीक विहिरींत असे मासे उपयोगी पडतात. पण ओढ्यांत व नदींत सोडल्यास ते देशी माशांचीं अंडीं व पिलें फस्त करतात. धुराच्या फवाऱ्यानें उडते डांस कांहीं वेळ कमी होतात. पिंपांतील अळ्यांना तो धूर पोंचत नाहीं. एडीसची मादी आपलीं अंडीं भांड्याच्या आंतल्या ओलसर कडेला चिकटविते आणि तीं कोरड्यांत महिनेच्या महिने तग धरतात. म्हणून पिंप नुसतें पालथें करून भागत नाहीं. आठवड्यांतून एकदां आंतून खसखसून घासावें, मग भरून घट्ट झांकावें. टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी बांधावी. कालव्याकडेचे खड्डे बुजविणें आणि चाऱ्या वाहत्या ठेवणें हें काम मात्र एका घराचें नाहीं. तें गांवानें व पाटबंधाऱ्यानें मिळून करावयाचें आहे.

गळिताच्या हंगामांत या तालुक्यांत ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. त्या चारीच्या कांठीं, उघड्या रानांत असतात. पाणी पिंपांत सांठविलेलें, शेजारीं बैल बांधलेले, आणि मुलें उघड्यावर निजलेलीं. कालव्याकांठचा डांस आणि पिंपांतला डांस, दोघांनाहि तें घर सोयीचें. गोड साखर ज्यांच्या घरीं येते, त्यांच्या खिडक्यांना जाळ्या असतात. ती ज्यांच्या कोयत्यानें येते, त्यांच्या कोपीला दारहि नसतें. जमिनीचा उपयोग ठरवितांना पीक किती येईल याचा हिशेब केला जातो. पाणी कोठें सांचेल आणि त्याच्याशेजारीं कोण निजेल, हे दोन प्रश्न त्याच कागदावर लिहिले गेले, तर रोगावरचा निम्मा उपाय तेथेंच झाला म्हणावयाचा.