धीट स्त्रियांचा सरकारी गौरव

धैर्यवान स्त्रियांचा सरकारने गौरव करावा, हे स्वागतार्हच होय. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००७ साली जगभरातील अशा स्त्रियांसाठी पारितोषिक सुरू केले. ॲसिडच्या खुल्या विक्रीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंजलेल्या लक्ष्मी अग्रवाल यांना ते २०१४ साली मिळाले, तेव्हा आपल्यालाही अभिमान वाटला. त्याआधीच्या वर्षी तिबेटी लेखिका त्सेरिंग वोसेर यांची निवड झाली होती. चीनने त्यांना देशाबाहेर जाऊच दिले नाही. बीजिंगकडून दुसरी अपेक्षा कोणी केली असेल?

परंतु २०१९ साली खुद्द वॉशिंग्टनने काय केले? रशियन अपप्रचार उघडकीस आणणाऱ्या आणि त्यापायी धमक्या सोसणाऱ्या फिनलंडच्या पत्रकार येसिका आरो यांना निवडीचे कळवून मग ती मागे घेतली. निरोप चुकून गेला, असा खुलासा झाला. २०२० साली त्याच खात्याच्या महानिरीक्षकांनी तो खोटा ठरविला. बाईंनी समाजमाध्यमांवर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर केलेली टीका नडली होती! महानिरीक्षकांनी हे स्वच्छ लिहिले, एवढे श्रेय त्या व्यवस्थेला दिलेच पाहिजे. पारितोषिकाचा खर्च सरकारने खुशाल करावा. निवड मात्र सरकारबाहेरच्या मंडळाकडे सोपवावी.